उपग्रह, यंत्राचे पाते आणि जमिनीवरची खूण



रस्त्याचे काम निघाले की सर्वांत आधी दिसतात त्या खुंट्या. बांबूच्या वा लाकडाच्या, डोक्याला रंग फासलेल्या, आणि अंगावर आकडे लिहिलेल्या: येथे इतका भराव, तेथे इतकी खोदाई. खुंटीला खुंटी दोरीने जोडावयाची, दोरीखालचे अंतर मोजावयाचे आणि मग डोझरच्या किंवा ग्रेडरच्या चालकाने नजरेच्या अंदाजाने यंत्राचे पाते त्या पातळीस आणावयाचे, ही रीत इतकी रुळलेली आहे की बांधकाम खात्यातील मैलकुलीपासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. एखादी खुंटी गुराच्या धक्क्याने पडली किंवा टिपरच्या चाकाखाली गेली, तर पुन्हा लेव्हल लावावी लागते, पुन्हा कोणीतरी मापनपट्टी धरून उन्हात उभे राहते, आणि तोवर यंत्र व त्याचा चालक झाडाच्या सावलीत थांबून राहतात. यंत्राचे भाडे मात्र तासावर चालूच असते.

गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत जगातील अनेक देशांच्या मोठ्या कामांवरून या खुंट्या कमी कमी होत चालल्या आहेत. पात्याची पातळी आता आकाशातील उपग्रहांच्या संदेशांवरून ठरविली जाते, आणि पाते वर-खाली करण्याचे कामही पुष्कळ अंशी संगणकच करतो. ही व्यवस्था कशी चालते, ती कोठे उपयोगी पडते आणि तिच्यावर विसंबताना कोणती दक्षता बाळगावी लागते, एवढाच आजचा विषय आहे. त्यातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा होय; कारण खुंट्या गेल्या तरी मोजणी गेलेली नाही, ती केवळ दृष्टीआड झाली आहे.

जमीन सपाट करण्याची गरज शेतीइतकीच जुनी आहे. आपल्याकडे शेतकरी बैलांच्या मागे केणी जुंपून उंचवट्याची माती सखल जागी ओढीत आला. वाफ्यात पाणी कोठे थबकते हे पाहून तो पातळी ताडीत असे. पाणी हीच त्याची लेव्हल होती. यंत्रयुगात १९२३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज आणि जे. अर्ल मॅक्लिऑड या दोघांनी ट्रॅक्टरच्या पुढे पाते बसवून आजच्या बुलडोझरचा पहिला अवतार घडविला. तेव्हापासून पात्याचा आकार वाढला, शक्ती वाढली, तारा-चाकांच्या जागी द्रवदाबावर चालणारे दट्टे आले. परंतु पाते नेमके किती खाली टेकवावे, हा प्रश्न कित्येक दशके चालकाच्या डोळ्यांवर, हातावर आणि बैठकीखालून जाणवणाऱ्या हादऱ्यांवरच सोपविलेला राहिला.

या प्रश्नाचे पहिले यांत्रिक उत्तर उपग्रहांनी नव्हे, तर लेझर किरणाने दिले. शेताच्या मधोमध तिपाईवर गरगर फिरणारा लेझर ठेवला की त्याच्या किरणाने हवेत एक अदृश्य पातळी आखली जाते. यंत्राच्या काठीवरील ग्राहकाला तो किरण कोठे लागतो, यावरून पाते वर न्यावे की खाली, हे ठरते. अमेरिकेत ही पद्धत प्रथम शेतातील पाण्याच्या निचऱ्याचे नळ योग्य उतारात पुरण्यासाठी वापरात आली. भारतात लेझरने भूसपाटीकरणाचा प्रारंभ २००१ साली पश्चिम उत्तर प्रदेशात झाला, आणि पुढे पंजाब व हरियाणात भात-गव्हाच्या शेतकऱ्यांनी ती भाड्याच्या यंत्रांच्या द्वारे मोठ्या प्रमाणात स्वीकारली. केणीवाल्या शेतकऱ्याचाच हेतू त्यामागे होता: पाणी सर्वत्र सारखे पसरावे आणि कमी लागावे.

लेझरची मर्यादा मात्र उघड आहे. तो एका वेळी एकच सपाट पातळी देतो. शेताला तेवढे पुरते; रस्त्याला पुरत नाही. रस्ता वळतो, चढतो, उतरतो, वळणावर त्याची बाहेरची कड उचललेली असते, पुढे सरळ भागात दोन्ही बाजूंना उतार असतो, आणि या सर्व अवस्था एकमेकींत हळूहळू मिसळत जातात. अशा पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूची उंची निराळी. ती यंत्राला सतत कळवावयाची, तर यंत्र या क्षणी नकाशावर नेमके कोठे उभे आहे हे आधी कळले पाहिजे. येथे उपग्रहांचे काम सुरू होते.

अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती व्यवस्था पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आज त्यांच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायदू या मालिकाही आहेत, आणि चांगल्या प्रतीचे ग्राहकयंत्र या सर्वांचे संदेश एकाच वेळी घेते. आता, खिशातील भ्रमणध्वनीलाही हेच उपग्रह स्थान दाखवितात. पण ते स्थान काही मीटरांनी चुकते. दुकान शोधण्यास एवढे पुरे होते. रस्त्याची खडी मीटराच्या चुकीने पसरली, तर तो रस्ता राहणार नाही.

मीटरावरून सेंटीमीटरावर येण्याची युक्ती अशी. उपग्रह जी रेडिओलहर पाठवितो, तिच्यावर संकेत बसविलेले असतात, आणि भ्रमणध्वनी प्रामुख्याने ते संकेत वाचतो. सर्वेक्षणाचे यंत्र त्याच्या पुढे जाऊन खुद्द लहरीच मोजते. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर आहे, आणि एका लहरीचा अगदी लहान अंशही यंत्राला ओळखता येतो. अडचण एवढीच की उपग्रहापासून यंत्रापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हे आरंभी ठाऊक नसते. लांबचा रस्ता पावलांनी मोजणाऱ्या माणसाला शेवटचे अर्धे पाऊल नीट कळावे, पण आधीच्या पावलांचा आकडा तो विसरलेला असावा, तशी ही स्थिती. तो आकडा शोधण्यासाठी दुसरे ग्राहकयंत्र लागते. ते कामाच्या जवळपास, ज्याचे स्थान आधीच अचूक ठाऊक आहे अशा खुणेवर उभे करतात. उपग्रहांच्या घड्याळांतील व कक्षांतील दोष आणि वातावरणामुळे होणारा विलंब हे दोन्ही यंत्रांना जवळजवळ सारखेच भोवतात. म्हणून एकाचे दोष दुसऱ्याच्या मोजणीतून वजा करता येतात. ही दुरुस्ती रेडिओवरून डोझरला सतत मिळत राहते, आणि चालत्या यंत्राचे स्थान दोन-तीन सेंटीमीटरांच्या आत निश्चित होते.

येथे एका प्रचलित समजुतीची दुरुस्ती करणे योग्य ठरेल. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत जाणूनबुजून मिसळली जाणारी चूक बंद केली, त्यामुळेच ही यंत्रे शक्य झाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. मोटारीतील आणि भ्रमणध्वनीतील वापराला त्या निर्णयाचा मोठा लाभ झाला हे खरे. परंतु जमिनीवरच्या दुसऱ्या यंत्राशी तुलना करण्याच्या पद्धतीत ती मुद्दाम मिसळलेली चूकही वजा होऊन जात असे. सर्वेक्षक त्याआधीपासूनच सेंटीमीटरात मोजीत होते.

आडव्या स्थानापेक्षा उंची मोजण्यात चूक अधिक होते, आणि दुर्दैवाने पात्याला खरी गरज उंचीचीच असते. याचे कारण साधे आहे. पूर्व-पश्चिम किंवा दक्षिण-उत्तर स्थान ठरविताना दोन्ही बाजूंचे उपग्रह मिळतात. उंची ठरविताना मात्र सर्व उपग्रह वरच असतात. खालून मोजणारा एकही नसतो, कारण मध्ये पृथ्वी आहे.

आता यंत्राकडे वळू. प्रारंभीच्या व्यवस्थेत डोझरच्या पात्याच्या दोन्ही टोकांवर उंच दांडे उभारून त्यांवर ग्राहक बसवीत असत. दोन्ही टोकांची जागा कळली की पात्याची उंची, त्याचा तिरपेपणा आणि दिशा या तिन्ही गोष्टी कळतात. चालकाच्या कक्षातील संगणकात रस्त्याचा आराखडा त्रिमितीय पृष्ठभागाच्या रूपात भरलेला असतो. पाते जेथे आहे, तेथे आराखड्याप्रमाणे पातळी किती हवी, हे संगणक क्षणोक्षणी पाहतो. फरक पडद्यावर दाखवितो, आणि चालकाने स्वयंचलित कळ दाबलेली असल्यास द्रवदाबाची झडप उघडून पाते स्वतःच उचलतो किंवा टेकवितो. कॅटरपिलर आणि ट्रिम्बल या दोन अमेरिकन कंपन्यांनी २००२ साली याच कामासाठी संयुक्त कंपनी स्थापन केली. पात्यावरील दांडे ही नाजूक वस्तू होती. दगडाच्या धक्क्याने ते वाकत, आणि चोरीच्या भयाने रोज संध्याकाळी काढून ठेवावे लागत. जपानच्या कोमात्सू कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेल्या डोझरमध्ये हे दांडेच नव्हते. ग्राहक कक्षाच्या छपरावर गेला, आणि पात्याचा हिशेब दट्ट्यांची लांबी मोजणाऱ्या संवेदकांवरून होऊ लागला. शिवाय पात्यावर मातीचा भार फार वाढून पट्टे घसरू लागण्याचा संभव दिसताच ते यंत्र पाते किंचित उचलून घेते. ही गोष्ट कसलेला चालक पूर्वीपासून करीत आला आहे. यंत्राने ती त्याच्याकडूनच उचलली, असे म्हणण्यास हरकत नाही.

लाभ कोणते? पहिला लाभ सामग्रीचा. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एका किलोमीटरात केवळ एक सेंटीमीटर जादा थर पडला, तरी सत्तर घनमीटर माल अधिक खर्ची पडतो. तो खाणीतून काढावयाचा, वाहून आणावयाचा, दाबावयाचा आणि त्याचे देयकही मंजूर करावयाचे. दुसरा लाभ वेळेचा. खुंट्या रोवणे आणि पुनःपुन्हा तपासणे यांत जाणारे दिवस वाचतात. तिसऱ्या लाभाची चर्चा व्हावी तितकी होत नाही. पातळी तपासण्यासाठी पट्टी घेऊन मागे-पुढे होणाऱ्या यंत्राच्या आसपास फिरणारा मजूर हा कामावरील सर्वांत असुरक्षित माणूस असतो. डोझर मागे येताना चालकाला त्याच्या पाठीमागचे नीट दिसत नाही. पडद्यावर पातळी दिसू लागली की त्या मजुराला तेथे वारंवार उभे राहण्याचे कारण उरत नाही.

जपानने २०१६ साली बांधकामातील अशा यंत्रांच्या व त्रिमितीय आराखड्यांच्या प्रसारासाठी शासकीय कार्यक्रम हाती घेतला आणि २०२५ पर्यंत उत्पादकता वीस टक्क्यांनी वाढविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामागचे कारण तेथील समाजात होते: कामगार वृद्ध होत चालले आणि त्यांची जागा घेण्यास तरुण पुढे येत नव्हते. आपल्याकडील कारण तसे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने सुमारे ६३ किलोमीटरच्या लखनौ–कानपूर द्रुतगती मार्गावर या प्रकारच्या यंत्रांचा प्रायोगिक उपयोग करून, राष्ट्रीय महामार्गांच्या कामांत ती सर्वत्र आणण्याचा विचार २०२४ साली मांडला. त्यात उपग्रहाच्या साह्याने चालणारा ग्रेडर, दाब किती बसला हे स्वतः नोंदविणारा रोलर आणि दोरीविना थर पसरणारा पेव्हर ही यंत्रे येतात. येथे उद्देश माणसे कमी करण्यापेक्षा कामाचा दर्जा वाढविण्याचा आणि झालेल्या कामाची नोंद जागच्या जागी ठेवण्याचा आहे.

तथापि, दोन-तीन सेंटीमीटर म्हणजे किती, हे मंत्रालयाच्याच विनिर्देशांशी ताडून पाहावे. रस्त्याच्या तळाच्या मातीच्या थराला वर २० आणि खाली २५ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. म्हणजे उपग्रहांवर चालणारे पाते तेथे जेमतेम बसते. पण यंत्राने घातलेल्या वरच्या डांबरी थराला फक्त ६ मिलिमीटरची सूट आहे. तेथे उपग्रह पुरत नाहीत. उंचीसाठी लेझरची किंवा टोटल स्टेशन या दूरमापी यंत्राची जोड द्यावीच लागते. ज्या विक्रेत्याच्या पत्रकात एकाच व्यवस्थेने तळापासून डांबरापर्यंत सर्व थर साधतात असे म्हटले असेल, त्याला हे दोन आकडे शांतपणे दाखवावेत.

याहून गंभीर गोष्ट आरंभबिंदूची आहे. उपग्रहाने मोजलेली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासूनची असते, आणि खरा समुद्र त्या गणिती आकाराशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात हा फरक जगात सर्वाधिक, म्हणजे शंभर मीटरांहून जास्त खाली आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेला उभे राहून उपग्रहाचा कच्चा आकडा वाचला, तर तो माणूस समुद्रसपाटीच्या साठ मीटरांहूनही अधिक खाली असल्याचे यंत्र सांगेल. याउलट आपल्या देशातील उंचीची जुनी साखळी समुद्रापासून निघते. भारतीय सर्वेक्षण विभागाने नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी ठरवून १९०९ साली देशाचे तलमापन बांधले. त्या नऊ बंदरांत मुंबईचे अपोलो बंदर होते, आणि गोव्याच्या वेशीलगतचे कारवारही होते. मोऱ्या, पूल, गटारे, पुराच्या पातळ्या या सर्वांचे आकडे अशाच साखळीतून येतात. पाणी त्याच साखळीप्रमाणे वाहते, उपग्रहाच्या गणिती आकाराप्रमाणे नव्हे.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कामाच्या परिसरातील अनेक तलचिन्हांवर ग्राहक ठेवून उपग्रहाचे आकडे आणि जमिनीचे आकडे यांची सांगड घालावी लागते. ही सांगड ज्या वहीत किंवा फाइलीत राहते, तीच आता पूर्वीच्या शेकडो खुंट्यांच्या जागी आहे. यातील एखाद्या चिन्हाचा आकडा भरताना चुकला, तर काय होईल? पूर्वी एक खुंटी चुकली की ती शेजारच्या खुंट्यांत उठून दिसे. मुकादम दोरीच्या एका टोकाशी बसून एक डोळा मिटून पाही आणि म्हणे, मधली खुंटी वर आहे. आता चूक एका ठिकाणी उठून दिसत नाही. सबंध पृष्ठभागच किंचित कलतो, आणि तो कललेला पृष्ठभाग यंत्र अत्यंत सफाईने घडविते. कागदावरची चूक हे पाते एका सेंटीमीटरानेही सुधारीत नाही.

गोव्यासारख्या प्रदेशात याचे परिणाम पहिल्याच पावसाळ्यात दिसतात. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्त्याला मध्यापासून कडेकडे शेकडा अडीच उतार धरला, तर साडेतीन मीटरांच्या पट्ट्यात उंचीचा फरक जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर होतो. बाजूच्या गटाराला हजारास एक उतार असेल, तर शंभर मीटरांत तो दहा सेंटीमीटर भरतो. या लहान आकड्यांत तीन-चार सेंटीमीटरांचा कल मिसळला, तर पाणी जेथून जावयास हवे तेथे साचते, आणि साचलेल्या पाण्यापुढे डांबर टिकत नाही. दोष मग ठेकेदाराच्या डांबरावर येतो, क्वचित चालकावरही. आकडा भरणाऱ्या टेबलापर्यंत चौकशी सहसा पोचत नाही.

चालकाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ही व्यवस्था आली की कोणताही नवशिका उत्तम ग्रेडर चालवील, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. शेवटचा हात फिरविण्यातील कौशल्य यंत्र पुष्कळसे घेते. परंतु माती कोठून उचलून कोठे न्यावी, किती फेऱ्यांत न्यावी, ओल किती आहे, पात्याखाली जांभा लागला की काय करावे, हे संगणकाला ठाऊक नसते. गोव्यात डिचोली, सांगे, केपे, सत्तरी या भागांतील कितीतरी माणसांनी खाणींवर अवजड यंत्रे चालविण्यात उमेदीची वर्षे घालविली. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पुन्हा थांबल्या, आणि त्या प्रत्येक वेळी ही माणसे रिकामी झाली. अशा चालकाला दोन-तीन आठवड्यांचे पडद्याचे शिक्षण देणे सोपे आहे. पडदा येणाऱ्याला माती शिकविण्यास वर्षे लागतात. प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा.

उपग्रहांवर सर्वकाळ विसंबता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चोर्ला किंवा अनमोड घाटात, जेथे एका बाजूस उंच कडा आणि वर दाट झाडी असते, तेथे आकाशाचा लहान तुकडाच दिसतो. पत्र्याच्या छपरांवरून परावर्तित होऊन आलेले संदेश मोजणीत खोट आणतात. आणि आकाशही कधी बिघडते. १० मे २०२४ रोजी सूर्यावरील स्फोटांमुळे पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ आले; त्या वेळी अमेरिकेच्या मध्यभागातील शेतकऱ्यांचे उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीच्या दिवसांत सरळ रेषा सोडू लागले आणि पुष्कळांना काम थांबवावे लागले. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत, सूर्य अधिक सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतरच्या काही तासांत संदेश थरथरण्याचा त्रास एरवीही होतो. दक्षिण भारतात रात्रपाळीने काम करणाऱ्यांनी तो गृहीत धरावा.

या सर्वांवर जो उपाय चांगल्या कामांवर पाळला जातो, तो जुनाच आहे. रोज सकाळी पहिली फेरी घेण्यापूर्वी यंत्र ठाऊक असलेल्या खुणेपाशी न्यावयाचे, पात्याचे टोक तिच्यावर अलगद टेकवावयाचे आणि पडद्यावरील आकडा वहीतील आकड्याशी ताडावयाचा. फरक आढळला, तर प्रथम पात्याची धार पाहावयाची. ती झिजते, आणि झीज संगणकाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मग दांड्याचे बोल्ट, मग आदल्या दिवशी कोणी नवी फाइल भरली काय, आणि शेवटी तळावरील ग्राहक कोणी हलविला काय, हे पाहावयाचे. दिवसातून एक-दोनदा साध्या लेव्हलने, पट्टी धरून, दहा-पाच बिंदू यंत्राशी संबंध नसलेल्या माणसाने तपासावयाचे, आणि ते आकडे खात्याच्या वहीत लिहावयाचे, ठेकेदाराच्या नव्हे. सकाळच्या तपासणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ यंत्र उभे राहते. त्याचे भाडे कोणी सोसावयाचे, हे निविदेच्या अटींतच स्पष्ट लिहिलेले बरे, नाहीतर तपासणी आठ दिवसांत बंद पडते.